माझी वीत

आमच्या घरी गणपतीचं मखर मी करते. पुठ्ठा, ब्लेड, खळ आणि मोजायला स्वतःचा हात. रुंदी चार वीत, उंची पाच, तीही मखर करणाऱ्या बाईच्याच हाताची. सासूबाईंनी मला तसंच शिकवलं. कोपरखैरण्याच्या आमच्या सोसायटीतले लोक दर्शनाला येतात, आधी मखराचं कौतुक करतात आणि मग माझ्याकडे वळतात. एरवी माझ्याकडे कोण वळतंय?

यंदा धाकटी जाऊ म्हणाली, मखराची जाळी यंत्रावर कापून देते. सासूबाई लगेच खूश. ही जाऊ विद्यापीठाच्या स्टुडिओत शिकवते. मापं घेऊन या म्हणून तिने मला तिथेच बोलावलं.

स्टुडिओ पाहिला आणि खरं सांगते, माझ्या पोटात दुखायला लागलं. गार हवा, ऐसपैस टेबलं, आणि पोरंपोरी 'मॅम, मॅम' करत हिच्या मागेमागे. तिने लेसरवर नमुन्याची जाळी कापून दाखवली. जी वेलबुट्टी कापताना माझी मान धरते, ती चहा निवायच्या आत तयार. मी कडेवरून बोट फिरवून कुठे चुकलंय का ते पाहिलं. कुठेच चुकलं नव्हतं, याचाच जास्त राग आला. करपल्यासारखा वास येतोय गं, एवढं मात्र मी बोलून घेतलं.

मग तिने मापं विचारली. मी म्हटलं, चार वीत, पाच वीत. तिला सेंटिमीटर हवे होते, आणि ते मी आणलेच नव्हते. पोरं हसली नाहीत, नुसती एकमेकांकडे बघत राहिली. खरं तर पट्टीने माझी वीत मोजता आली असती, पण जाऊला यंत्राची हौस. तिने मला पंजा ताणून टेबलावर ठेवायला लावला आणि स्कॅनर हातात धरून त्यावरून हळूहळू फिरवायला लागली. पडद्यावर आधी माझी करंगळी उमटली, मग शेजारची बोटं, नखाजवळचा ब्लेडचा व्रणसुद्धा. आपला हात एवढा मोठा बघून मला जरा बरंच वाटलं.

"ताई, हलू नका हां," ती अगदी प्रेमाने म्हणाली. "एकदा तुमची वीत इथे आली ना, की टेन्शनच नाही. पुढच्या वर्षीपासून तुम्ही नुसतं बसून बघायचं."

मी हात काढून घेतला.

पडद्यावर चार बोटं राहिली, अंगठा आलाच नाही. एक मुलगी हळूच म्हणाली की अंगठ्याशिवाय वीत निघणार नाही. जाऊने पुन्हा हात ठेवायला सांगितलं. मी पर्स खांद्याला लावली.

"राहू दे," मी म्हटलं. "मखर मी घरीच करते."