साडूंची यंदाची टीम

माझ्या साडूंइतका आशावादी माणूस सोलापूर जिल्ह्यात दुसरा झाला नसेल. ज्या जिल्ह्यात ऐन मे महिन्यात रस्त्याचं डांबर चपलेला चिकटत असताना लोक 'यंदा तेवढं ऊन नाही' असं एकमेकांना सांगतात, त्या जिल्ह्याबद्दल मी हे म्हणतोय, हे लक्षात घ्यावं. साडू इथल्या एका महाविद्यालयात शारीरिक शिक्षण संचालक होते. हा हुद्दा फक्त दारावरच्या पाटीला ठाऊक होता. सगळं कॉलेज त्यांना जिमखान्याचे सर म्हणायचं आणि घरात सगळे नुसतं सर म्हणायचे, माझी थोरली मेहुणी धरून. कॉलेजच्या बास्केटबॉल संघाचे प्रशिक्षक, निवड समिती, फिजिओ आणि प्रेक्षकवर्ग ते एकटेच होते. हा संघ विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत नेमाने पहिल्या फेरीत हरायचा. एका वर्षी तेवढा दुसऱ्या फेरीत गेला, कारण समोरच्या संघाची गाडी टेंभुर्णीजवळ बंद पडली. त्या विजयाचं विश्लेषण मी साडूंच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलं आहे की गाडी बंद पडण्यामागे आपल्या संघाचा बचाव होता, असं मलाही वाटू लागलं होतं.

जून उजाडला, प्रवेश सुरू झाले, की साडू आमच्याकडे यायचे, पंख्याखालची खुर्ची धरायचे आणि येत्या हंगामाचं भविष्य सांगायचे. "यंदा टीम लई भारी आहे, पाव्हणं." मी विचारायचो, "मागच्या वर्षीपेक्षा?" त्यावर ते मागच्या वर्षीबद्दल दया दाखवत म्हणायचे, "मागच्या वर्षी नुसती भारी होती." मी वाचणारा माणूस आहे. जगात भविष्य सांगणाऱ्यांचं पुढे काय होतं हे मला साधारण ठाऊक आहे. पण ज्योतिषी निदान चुकल्यावर ग्रहांना दोष देतात. साडूंनी हरल्याचा दोष कधी पंचांना दिला नाही, मैदानाला दिला नाही, पोरांना तर नाहीच. त्यांच्या मते दोष फक्त उंचीचा होता, आणि उंची काय, येत्या जूनमध्ये मिळण्यासारखी गोष्ट आहे.

उंची हा त्यांचा श्वास होता. ते स्वतः पाच फूट दोन इंच. ही गोष्ट त्यांनी कधी लपवली नाही, ती लपण्यासारखीही नव्हती. कुणी छेडलंच तर म्हणायचे, "वाढपी उपाशी असला म्हणून पंगत अडते का?" मी मुलगी बघायला गेलो तेव्हा बाकीची मंडळी माझी नोकरी, गाव, आत्या-मावश्या विचारत होती. साडू कोपऱ्यातून माझ्याकडे पावलांपासून वर बघत होते. तो प्रवास फार लवकर संपल्याचं दुःख त्यांच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसलं. पुढे बायकोने सांगितलं की आत जाऊन ते म्हणाले होते, "पाच चार आहे. पण स्वभावानं बरा वाटतो." लग्नात अक्षता पडत असताना सगळा मांडव नवरा-नवरीकडे बघतो, साडू वऱ्हाडाच्या डोक्यांवरून नजर फिरवायचे. त्यांना कुणाच्या समाचाराला न्यायचं म्हणजे तर जोखीम होती. एकदा आमच्या ओळखीतल्या एका वृद्धांच्या तेराव्याला ते पाच मिनिटं मान खाली घालून अगदी रीतसर बसले, मग मुलाला हळूच म्हणाले, "फार वाईट झालं. तुमचा हा धाकटा कितवीला आहे?"

हंगामाचं उद्घाटन हा कॉलेजचा मोठा सोहळा असे. कोर्टावर मांडव पडे आणि मांडवाचा मधला खांब हमखास फ्री थ्रोच्या रेषेवर येई. पाहुण्यांना शाल, श्रीफळ, फेटा आणि मग चेंडू दिला जाई. एका वर्षी पाहुण्यांनी फेटा सावरत, श्रीफळ काखेत धरून, दोन्ही हातांनी चेंडू असा काही फेकला की तो बास्केटकडे न जाता व्यासपीठावरच्या पाण्याच्या बाटल्या घेऊन मागे आला. टाळ्या झाल्या. सूत्रसंचालकांनी पाहुण्यांच्या क्रीडाप्रेमाचा गौरव केला. साडू तेवढ्यात मांडवाचा खांब धरून उभ्या असलेल्या डेकोरेटरच्या माणसाची उंची डोळ्यांनी मोजत होते.

त्यांच्या हातून झालेली सर्वांत सुंदर चूक मात्र सोलापूरबाहेर कुणाला जमली नसती. इथे जानेवारीत सिद्धेश्वराच्या यात्रेत उंचच उंच नंदीध्वज कमरेच्या पट्ट्यावर तोलून भाविक शहरभर चालतात. त्याला इथे काठी म्हणतात आणि तिचा सराव आधी महिनाभर चालतो. साडूंना वाटलं, ज्या पोराला एवढी काठी तोलता येते त्याला समोरचा एक खेळाडू काय जड आहे? त्यांनी काठी धरणारी दोन दणकट पोरं संघात घेतली. बचावात ती अजोड निघाली. बास्केटखाली दीपमाळेसारखी उभी राहत आणि प्रतिस्पर्धी त्यांच्यावर आपटून आपोआप परत जात. पण काठी धरणाऱ्याला पहिला धडा असतो तो पाय जमिनीला धरून सावकाश टाकण्याचा. उडी हा प्रकार त्यांच्या अंगातच नव्हता. चेंडू डोक्यावरून जाई आणि दोघं त्याच्याकडे भक्तिभावाने बघत राहत.

"उडी मार की रं," साडू ओरडायचे.

"काठी पडंल, सर."

"हितं कुठाय काठी?"

"अंगातनं जात न्हाय, सर. आमच्या आज्यापास्नं हाय."

साडूंनी तरी दोघांनाही संघात ठेवलं. म्हणाले, "उडी मारणारा एक मिळू दे, मग हे दोघं भिंत आहेत."

तो एक त्यांना अक्कलकोटला मिळाला. निवृत्तीला वर्ष राहिलं होतं, हा त्यांचा शेवटचा हंगाम, म्हणून मेहुणीने दर्शनाचा घाट घातला होता. महाप्रसादाच्या रांगेत आम्ही बराच वेळ सरकत सरकत दारापाशी आलो होतो आणि साडूंनी माझा दंड धरला. "पाव्हणं, ते बघा." मी कळसाकडे बघून हात जोडले. "कळस न्हाय हो, त्याच्या खाली." जेवून बाहेर पडणाऱ्या गर्दीच्या वर एक डोकं एकटंच चाललं होतं. साडू रांग सोडून पळाले. आम्ही पोचलो तेव्हा ते एका सहा फूट चार इंचाच्या पोराच्या छातीशी बोलत उभे होते. पोराचं नाव मल्लिनाथ, घरी मल्लू. सीमेवरच्या एका गावचा, बारावी झालेला. सोबत वडील होते. त्यांची भाषा कानडी, आणि साडूंचं कानडी 'ऊट आयता' म्हणजे 'जेवण झालं का' इथे सुरू होऊन इथेच संपतं. त्यांनी तेच तीनचार वेळा विचारलं. नुकत्याच जेवून उठलेल्या त्या गृहस्थांनी प्रत्येक वेळी सभ्यपणे "हौदु, हौदु" म्हटलं. शेवटी ते गृहस्थच मराठीत आले.

"सर, देवानं ह्याला लई उंची दिली. घरात वाकून यावं लागतंय, एसटीत वाकून बसावं लागतंय. त्याचा उपेग काय हाय? तुमच्या ह्या चेंडूत नोकरी हाय का?"

"उंचीचं सोनं करतो," साडू म्हणाले. आयुष्यभर सगळ्यांना दिलेलं हेच आश्वासन त्यांनी त्या दिवशी मल्लूच्या वडिलांना दिलं आणि मल्लूचा प्रवेश झाला.

मल्लू चेंडू शिकला. आधी चेंडूच त्याच्यापासून दूर पळायचा, मग हळूहळू त्याच्या हाताला वश झाला. मेहुणी त्याच्यासाठी भाकऱ्या थापायची आणि तो स्वयंपाकघराच्या चौकटीतून नमस्कार केल्यासारखा वाकून आत यायचा. दिवाळीनंतर साडूंनी मला सरावाचा सामना बघायला ओढून नेलं. मी सोबत वाचायला पुस्तक नेलं होतं, ते उघडलंच नाही. काठीवाले दोघे भिंतीसारखे उभे, आणि त्यांच्या मधून मल्लू असा वर जायचा की वरून परत यायचं त्याच्या लक्षात राहील की नाही अशी शंका यायची. समोरचा संघ दुबळा नव्हता, तरी चांगला हरला. घरी येताना साडू म्हणाले, "यंदा अकलूजच्या स्पर्धेत पहिली फेरी आपली." पहिल्यांदाच त्यांचं भविष्य ऐकून मला हसू आलं नाही. इतक्या वर्षांची सवय सुटल्यामुळे मला ते जरा जडच गेलं.

आणि मग मल्लूने अर्ज केलेल्या पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीची तारीख आली. अकलूजला पहिला सामना ज्या सकाळी, त्याच सकाळी मल्लूला सोलापुरात मैदानावर हजर राहायचं होतं.

साडू दुपारी आमच्याकडे आले. खुर्चीवर बसले नाहीत. "मल्लू म्हणतोय, भरती काय परत निघंल की सर, मी मॅचला येतो."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"बरं म्हणालो."

मी हातातलं पुस्तक मिटलं.

"तोंडातनं गेलं," साडू म्हणाले. थोडं फिरले. खिडकीतून उगाच बाहेर बघितलं. "परत कधी निघते हो भरती?"

"निघेल तेव्हा. लगेच निघेल, दोन वर्षांनी निघेल. कुणाला ठाऊक?"

"त्याचा बाप मला कधी काय विचारत न्हाय," ते म्हणाले. "एकदाच विचारलं होतं." चहा आला, तो त्यांनी तसाच ठेवला आणि चपला घालून निघून गेले. माझी बायको म्हणाली, "सर आजारी आहेत का?" आशावादी माणूस गप्प झाला की घरच्यांना डॉक्टरच आठवतो.

दुसऱ्या दिवसापासून कोर्टावर मल्लूच्या हातात चेंडूऐवजी भरतीच्या गोळाफेकीचा लोखंडी गोळा आला. साडूंनी त्याला बास्केटबॉलपासून असं तोडलं की शेजारी चेंडू आपटला तरी ओरडायचे, "तिकडं बघू नको, खांदा बघ." काठीवाली पोरं धावण्याची वेळ मोजायला उभी राहू लागली. मल्लू एकदा म्हणाला, "सर, मॅच?" साडू म्हणाले, "मॅच कुणाची हाय? माझी. तू गोळा टाक."

संघाबरोबर अकलूजला जाणं साडूंना भाग होतं, म्हणून मल्लूला पोलीस मैदानावर सोडण्याचं काम माझ्याकडे आलं. मी माझी स्कूटर काढली. मागे तो बसला. दुरून बघणाऱ्याला वाटलं असेल की एक उंच पोरगा स्कूटर चालवतोय आणि पुढे त्याने एक पिशवी ठेवली आहे. मैदानात नातेवाइकांना सोडत नाहीत. बाहेर भिंतीशी आईबापांची गर्दी होती, त्यात मल्लूचे वडील गावाकडून पहिल्या गाडीने येऊन उभे होते. आम्हा दोघांनाही भिंतीवरून दिसत नव्हतं. शेजारच्या एका बाईंनी आम्हाला एक दगड दिला. त्यावर आम्ही आळीपाळीने चढलो.

साडूंचा फोन आला. "पोचला का? केळं खाल्लं का त्यानं?" खाल्लं म्हटलं. थोड्या वेळाने परत, "पळून झालं का?" मी दगडावर होतो. म्हटलं, "झालं. पुढच्या चौघापाचांत आला." तिकडे कुणीतरी शिट्टी वाजवत होतं, पोरांचा गलका होता. फोन बंद झाला. मल्लूचे वडील माझ्याकडे बघत होते. मी पाच बोटं दाखवली, त्यांनी "हौदु?" विचारलं, मी "हौदु" म्हटलं. माझं कानडी साडूंपेक्षा एका शब्दाने वाढलं.

मग गोळ्याची पाळी आली आणि फोन वाजला. "आला का नंबर? गोळ्याचा?" साडूंना धाप लागली होती.

"आता येईल. तुमची मॅच कधी आहे?"

"सुरू हाय की."

"मॅच सुरू आहे आणि तुम्ही फोनवर काय करताय?"

"टाइम-औट घेतलाय. मगाशी पण घेतला होता. लवकर सांगा, पंच बघतोय."

मी दगडावरून टाचा उचलून बघितलं. मल्लू वर्तुळात आला, खांदा वळवला आणि गोळा गेला. कुठे पडला ते मला दिसलं नाही, पण आतल्या शिपायाने मान वळवून मल्लूकडे पुन्हा एकदा बघितलं, ते दिसलं. "गेला," मी म्हटलं, "लांब गेला." पलीकडे शिट्टी झाली आणि फोन बंद झाला.

अकलूजला आपला संघ दोन गुणांनी हरला. काठीवाल्यांपैकी एकाने नंतर मला सांगितलं की शेवटच्या मिनिटाला चेंडू आपल्याकडे होता, समोरच्यांनी कोंडी केली, सगळ्यांनी सरांकडे बघितलं की आता थांबवतील, आणि सर रेषेबाहेर नुसते उभे होते, कारण मोजून मिळणारे टाइम-औट आधीच संपले होते, थांबवायला काही शिल्लकच नव्हतं. "आमी दोघांनी उडी मारली पण, सर," तो मला म्हणाला. "पहिल्यांदाच मारली. पण चेंडू दुसरीकडं होता."

मल्लू आता पोलीस प्रशिक्षण केंद्रात आहे. साडू मे अखेरीस निवृत्त झाले. निरोप समारंभात एका वक्त्याने त्यांनी कॉलेजला मिळवून दिलेल्या असंख्य विजयांचा उल्लेख केला, तेव्हा ते खाली मान घालून शालीच्या दशा मोजत बसले. त्यानंतर एका संध्याकाळी आम्ही दोघं रिकाम्या कोर्टाच्या कडेला बसलो होतो. फार दिवस मनात होतं ते मी विचारून टाकलं. म्हटलं, "सर, एखादा टाइम-औट शेवटी ठेवला असता तर?"

त्यांनी खरोखरच विचार केला. समोरच्या रिंगकडे बघत, सगळा सामना पुन्हा एकदा मनात खेळल्यासारखा.

"ठेवला असता," ते म्हणाले. "पण गोळा तेव्हाच होता की."