लाईट अजून आली नाही

शफीभाईंचा राग नाकावर असतो, असं नाशिकच्या द्वारका चौकात त्यांच्या वाद्यांच्या दुकानासमोर उभे राहणारे रिक्षावाले म्हणतात. खोटं आहे ते. त्यांचा राग अकॉर्डियनच्या भात्यात असतो. भाता उघडला की बाहेर येतो.

शफीभाई मूळचे मालेगावचे. यंत्रमागांच्या खडखडाटात वाढले आणि नाशिकच्या लग्नांत अकॉर्डियन वाजवत म्हातारे झाले. एका जुन्या बँडमास्तरानं त्यांना टँगो या परदेशी नाचाची चाल शिकवली होती: सूर ओढायचा, अडवायचा, मग एकदम सोडायचा. शफीभाईंना त्यात आपलं गाव ऐकू आलं. आडवा धागा नेणारा मागाचा धोटा असाच पळतो, असाच अडतो. त्यांनी स्वतःचा टँगो बांधला, शब्दांवाचून, आणि त्याला नाव दिलं 'मालेगाव'.

त्याच्या मधोमध सूर तुटतो. लाईट गेली की आख्ख्या गल्लीतले माग एका झटक्यात थांबतात, तसा. मग नुसती शांतता. लहानपणी त्या शांततेतच त्यांना सुताच्या कांड्या भरणाऱ्या आईचं गुणगुणणं ऐकू यायचं. एरवी ते मागांखाली दबलेलं. तेवढ्यासाठी तर सगळा टँगो होता.

"शफीभाई, ही जागा रिकामी जाते," तालमीत आल्हाद म्हणाला. कार्यक्रम त्यानंच भरवला होता. "इथे मी मदत करणाऱ्यांची नावं घेतो. नाहीतर लोकांना वाटेल, तुम्ही पुढचं विसरलात."

"नावं आधी घ्या, नाहीतर नंतर घ्या. तिथं नाही."

"अहो, पण तिथे काही वाजतच नाहीये!"

"घरात कुणी गप्प बसलं, तर त्याच्या तोंडात भजी कोंबता का तुम्ही?"

आल्हाद हसला. "बरं बाबा, नाही घेत."

कार्यक्रमाला शफीभाईंची थोरली बहीण रोशनबी मालेगावहून आली होती. आईशेजारी बसून तिनंही कांड्या भरलेल्या. पहिल्या रांगेत बसली. टँगो धावला, अडला, धावला, आणि तुटला. रोशनबीनं डोळे मिटले.

"या कार्यक्रमाला ज्यांचं मोलाचं सहकार्य लाभलं..." माईकवर आल्हाद!

शफीभाईंनी भाता मिटला, त्याचा पट्टा लावला आणि हात मांडीवर ठेवले. नावं संपली. आल्हादनं खूण केली. शफीभाई हलले नाहीत.

"वाजवा ना! लोक खोळंबलेत."

"लाईट आली नाही अजून."

कुणीतरी फिदीफिदी हसलं. आल्हाद गोंधळून दिव्यांकडे बघू लागला. तेवढ्यात रोशनबी उठून उभी राहिली.

"तू गप्प बसल्याशिवाय यायची नाही ती, बेटा! बस खाली!"

आल्हाद बसला. हसणारेही गप्प झाले. हळूहळू सभागृहातले पंखे ऐकू येऊ लागले. रोशनबीचे ओठ हलत होते. शफीभाई त्या ओठांकडे बघत राहिले, ते थांबेपर्यंत.

मग त्यांनी पट्टा काढला. उरलेला टँगो असा वाजवला, की टाळ्या वाजवायलाही लोक जरा घाबरले.

आल्हाद शाल घेऊन पुढे आला. शफीभाईंनी अकॉर्डियन खांद्याला लावलं.

"ही त्या नाववाल्यांना पांघर," ते म्हणाले, आणि बहिणीचा हात धरून पायऱ्या उतरले.