कोरडा कापूस वाळवणाऱ्या बाई

आर्णीकडच्या एका सरकारी कापूस खरेदी केंद्रावर मी ग्रेडर होतो. बंडीतल्या, म्हणजे बैलगाडीतल्या, कापसात कोपरापर्यंत हात घालायचा आणि घ्यायचा की नाही ते सांगायचं, हे माझं काम. त्या पडत्या भावाच्या वर्षांत वरून तोंडी निरोप यायचा, खरेदी कमी करा. मग मी चांगल्या कापसालाही ‘ओला’ म्हणायचो आणि तीन-तीन दिवस रांगेत थांबलेल्या बंड्या परत जायच्या.

पंचायत समितीच्या एक सदस्या तिथे येऊ लागल्या. त्या भांडल्या नाहीत. मी नाकारलेला कापूस आवारातच ताडपत्रीवर पसरून, पदर खोचून, भर उन्हात तो खालीवर करत बसायच्या.

“बाई, कोरडाच हाय तं वाळवून काहून राह्यल्या?” शेतकरी हसायचे.

“तू बैलाले पाणी दाखव.”

दोन तासांनी मला हाक यायची, “साहेब, पाहा बरं आता.” सगळ्यांदेखत वाळवलेल्या कापसाला नाही म्हणणं मला जमत नसे.

एकदा मी विचारलं, “बाई, तुम्हाला ओलं-कोरडं कळत नाही का?”

“कळते ना. घरी कापूसच पिकते. पण तुमाले खोटं पाडलं असतं तं तुमी चिडून बंडी परत धाडली असती. असं केलं तं तुमचा शब्दही राह्यते अन् बंडीही खाली होते.”

एवढं मोठं मन मी पुन्हा पाहिलं नाही. तरीही ज्या दिवशी बाई समितीच्या बैठकीला गेलेल्या असत, त्या दिवशी मी कोरड्या कापसाच्या बंड्या परतच पाठवल्या.