निगेटिव्हवरची पेन्सिल

मला धीर म्हणून कधी नव्हताच. दोन हजार सालानंतर लग्नवाले दारातूनच विचारायला लागले, "डिजिटल हाय काय?" आणि शिवाजी पेठेतल्या आमच्या स्टुडिओत आबा, म्हणजे माझे वडील, अजून रोल भरत बसलेले. नुसता जीव वरखाली व्हायचा. शेवटी एका मित्राचा पाच मेगापिक्सेलचा कॅमेरा दोन दिवसांसाठी मागून आणला, आबांचाच एक फोटो काढला आणि त्यांना म्हटलं, "एकदाचा सोक्षमोक्ष लावू. तुमची एक निगेटिव्ह स्कॅन करतो आणि शेजारी हा फोटो ठेवतो. हा उजवा ठरला तर कॅमेरा घ्यायचा."

"लाव की!" म्हणत आबांनी कपाटातून स्वतःहून आईची निगेटिव्ह काढून दिली. त्यांचं सगळ्यात चांगलं काम ते. आईच्या चेहऱ्यावर लहानपणच्या देवीचे व्रण होते. फोटो म्हटलं की ती आत पळायची. मी शाळेत असताना आबांनी तिला एकदाच कॅमेऱ्यासमोर बसवलं, तेही "एक डाग दिसू देणार न्हाई" असा शब्द देऊन. मग आठ-दहा दिवस ते निगेटिव्हवर टोकदार पेन्सिल चालवत होते. जुने फोटोग्राफर तसंच करायचे. पेन्सिलचे बारीक ठिपके दिले की छापताना खड्डे भरून निघायचे. तो फोटो आई आल्यागेल्याला हौसेनं दाखवायची.

हे सगळं मला ठाऊक होतं. तरी स्कॅनरवर ठेवण्याआधी निगेटिव्ह उजेडात धरली, तर गालांवर करडा थर दिसला. मला वाटलं, धूळ असेल, बुरशी असेल. तिकडे मित्र कॅमेऱ्यासाठी फोनवर फोन करत होता. कापसावर स्पिरिट घेतलं आणि निगेटिव्ह घासून लख्ख केली. कसली घाई होती मला, देव जाणे!

स्टुडिओतल्या कॉम्प्युटरवर दोन्ही फोटो शेजारी लावले आणि मोठे करत गेलो. डिजिटलमध्ये आबांच्या कानाचे चौकोन चौकोन झाले. आईच्या पापणीचा मात्र केस न् केस मोजता येत होता. "च्यायला, आबा, तुमी जिंकलासा की!" मी ओरडलो. आबा आईच्या गालांकडे बघत होते. तिथं खड्डा न् खड्डा दिसत होता.

"पुसलीस व्हय?" त्यांनी एवढंच विचारलं. तेव्हा कळलं, तो करडा थर म्हणजे त्यांची पेन्सिल होती.

माझा आवाज ऐकून आई मागच्या घरातून बाहेर आली. आबा घाईनं पुढे झाले आणि दोन्ही हातांनी कॉम्प्युटरचा पडदा झाकायला लागले. "चुकलं बघ," ते तिला म्हणाले, "तुला शब्द दिलता मी." साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं बोलणारा हा माणूस. त्याला असं पुटपुटताना मी कधी बघितलं नव्हतं.

आईनं त्यांचे हात बाजूला केले. पडद्याजवळ वाकून तिनं आपले गाल बघितले. मग मला म्हणाली, "मी अशी दिसतो व्हय रे?"

ते व्रण आहेत हे मला माहीत होतं, पण रोज तिच्यासमोर बसून जेवताना मला ते कधी दिसलेच नव्हते. आईशप्पथ, एकदाही नाही. तेवढंच सांगायचं होतं तिला. ते सोडून मी माउस हातात घेतला आणि म्हणालो, "थांब आई, दोन मिनिटांत डाग काढून टाकतो."