सुनेसाठी रंगवलेला टी-शर्ट

दुसरीत शाळा सोडली, पण अक्षरं सोडली नाहीत. मेंढरांमागं हिंडताना दुकानांच्या पाट्या वाचत गेलो. त्यामुळं लिहायचं मनात आलं तेव्हा कुणाला विचारलं नाही. न विचारणं हा माझा जुना स्वभाव, आणि मला त्याचा ताठाही होता.

पोरगा मुंबईत हमाली करायचा. कावीळ झाली म्हणून गावी आणला, तो पंधरा दिवसांत गेला. मागं सून राहिली, बारावी शिकलेली. पहिल्या संक्रांतीला गल्लीतल्या बायका नटूनथटून हळदीकुंकवाला गेल्या आणि ही दाराला कडी लावून आत बसली. माझ्या डोक्यात तिडीक गेली, ती वर्षभर उतरली नाही.

पुढची संक्रांत जवळ आली तशी मी निवडणुकीत वाटलेला टी-शर्ट काढला. उलटा केला, चिन्ह आत गेलं. मेंढरांच्या पाठीवर खूण करायचा लाल रंग घरात होताच. बाभळीची काडी चेचून कुंचला केला आणि लिहिलं : माझ्या सुनेला हळदीकुंकवाला बोलवा. अक्षरं लय मोठी काढली, त्यामुळं 'बोलवा' पार पोटावर आलं.

तो घालून दहिवडीच्या बाजारात गेलो. चहाच्या गाड्यावर एकजण म्हणाला, "म्हातारबा, पोटावर 'बोलवा' लिवलंय. जेवायला बोलवू व्हय?"

सगळे हसले. मी म्हटलं, "वरचं बी वाच की रं. का तेवढी धमक न्हाई?"

त्यानं वाचलं आणि चहात तोंड घातलं. मी छाती काढून घरी आलो.

बायको म्हणाली, "आवं, पोरीला इचारलंसा का?"

"चांगल्या कामाला काय इचारायचं?"

सून वाचून आत निघून गेली. संक्रांतीला शेजारीण दारात आली. "चल बाई, म्हातारा गावभर बोंबलत हिंडतोय, तुला न बोलवून आमी करतो काय!" सून गेली नाही. शेजारीण गेल्यावर माझ्यापुढं उभी राहिली.

"मामा, मेंढरू चुकलं तर वळखू यावं म्हणून रंग लावता. तसाच मला लावलासा."

"तुझ्यासाठीच केलं की!" मी आवाज चढवला.

"मग माझ्या बांगड्या फोडल्या तवा कुठं हुतासा?"

मी अंगणात होतो. दहा पावलांवर. आत बायकांनी तिला धरून बसवलं होतं. काच फुटल्याचा आवाज आला. तिनं एकदाच हाक मारली, "मामा." मी ऐकली. शेजारी भावकीतली माणसं बसली होती. त्यांच्यादेखत उठायची मला लाज वाटली.

टी-शर्ट काढला. म्हटलं, "सांग, आता काय लिवू?"

"काय बी लिवू नका. तवा जी माणसं तुमच्याजवळ बसली हुती, त्यांच्यापुढं बोला. न्हाईतर मी म्हायेरी जाते. गेले की परत येणार न्हाई."

ग्रामसभेला साधा सदरा घालून गेलो. उठलो. म्हटलं, "सुनेच्या बांगड्या फोडल्या तवा तिनं मला हाक मारली. मी उठलो न्हाई. ती चूक माझी. इथनं पुढं गावात कुणाच्या दारात असं हू नये."

कुणी हसलं नाही. हसले असते तर भांडता तरी आलं असतं. जी माणसं त्या दिवशी माझ्याजवळ बसली होती ती खाली बघत राहिली. सरपंचानं घसा खाकरला आणि टँकरच्या फेऱ्यांचा विषय काढला.

घरी आलो तर सून उंबऱ्यात उभी. पायाशी कपड्यांची भरलेली पिशवी.

"बोललासा?"

"बोललो."

"हाकंचं सांगितलंसा?"

"सांगितलं."

"माणसं काय म्हणली?"

"टँकरचं बोलाय लागली."

तिनं पिशवी उचलली. मग म्हणाली, "पुढच्या सभेला परत बोला. तवर हाय मी."

पिशवी तिनं आत नेली, पण रिकामी केली नाही. खुंटीला ती तशीच भरलेली टांगली आहे. येता जाता माझी नजर त्या पिशवीवर जाते.