कोंडवाड्याची भिंत

शनिवार, आठ मार्च. रक्कम चार हजार आठशे पौंड. हजर चौघे: मी, माझी बायको, पलीकडच्या फार्मवरच्या बाई आणि दगडी भिंती रचणारा कारागीर. त्याने आकडा सांगितल्यावर मी पुढे सरसावलो. मग बायको मला मराठीत म्हणाली, "अहो, घासाघीस करू नका. तोंड उघडायच्या आधीच सांगते."

भिंत आमच्याच जागेतली होती. सहा वर्षांपूर्वी मँचेस्टरचं घर विकून आम्ही उत्तर वेल्समधल्या या गावात आलो, तेव्हा घराबरोबर बागेशेजारचं एक गोल दगडी आवारही आलं. छातीइतकी उंच भिंत. सिमेंट नाही, चुना नाही, दगडावर नुसते दगड. बायको गुहागरची. तिने पाहताक्षणी "हा तर गडगा" म्हटलं. आवार कशाचं, हे मला कोणी समजावून सांगावं लागलं नाही. दुसऱ्याच्या शेतात शिरलेल्या चुकार मेंढ्या इथे कोंडायच्या आणि मालकाने दंड भरून सोडवायच्या. साताऱ्याकडच्या माझ्या गावी ग्रामपंचायतीचा कोंडवाडा होता, अगदी तसाच.

गाव लहान आहे. नदीवर दोन कमानींचा पूल. पूर्वी गुराखी इथून कळप हाकत पायी इंग्लंडच्या बाजारांना जायचे, आणि लांबच्या वाटेसाठी बैलांच्या खुरांना नाल ठोकायचे. नाल घडवायची भट्टी होती तिथे आता बसथांबा आहे. चॅपेलं दोन: एकात सुट्टीसाठी भाड्याने द्यायचे फ्लॅट झाले, दुसऱ्याला कुलूप. स्लेटच्या खाणीत जाणाऱ्यांसाठी बांधलेली घरांची एक ओळ आहे, खाण नाही. शाळेची घंटा छपराखाली अजून लटकते. आत एक कुंभारकाम करणारं जोडपं राहतं. गावातली प्रत्येक जुनी वास्तू काहीतरी दुसरं होऊन बसली आहे. कोंडवाडा तेवढा कोंडवाडाच राहिला होता.

फेब्रुवारीतल्या वादळात त्याची रस्त्याकडची भिंत कोसळली. कौन्सिलने कळवलं, एप्रिलअखेर रस्ता सुरक्षित करा. पुन्हा रचायला चार हजार आठशे. डिगर आणून सगळे दगड उचलायला नऊशे, वर दोन गाड्या उभ्या करायला जागा. आमच्याकडे दुरुस्तीसाठी बाजूला ठेवलेले दीड हजार. गणित सोपं होतं.

बाईंना सांगणं अवघड होतं. त्या सत्तरीच्या पुढच्या. एकट्या मेंढ्या सांभाळतात. त्यांचे आजोबा या कोंडवाड्याचे राखणदार होते. मुलगी त्यांना कार्डिफला बोलावते, आणि "आजोबांची भिंत पडलेली बघून मी जाणार नाही," असं त्या तिला फोनवर सांगत होत्या, हे मी स्वतः ऐकलं होतं. तरी कारागीर गेल्यावर मी आकडे सरळ सांगितले.

"डिगर ठरवलात?"

"सोमवारी फोन करणार आहे."

"करू नका. पुढचा शनिवार मोकळा ठेवा. आणि दूध जास्त आणून ठेवा."

पुढच्या शनिवारी फाटकाशी अकरा माणसं उभी होती, बहुतेक साठीच्या पुढची, आणि एक ट्रॅक्टर. कारागीर म्हणाला, "दगड निवडून हाताशी द्यायला इतकी माणसं असतील, तर मला फक्त माझ्या दिवसांचे द्या." मोठे दगड तळाला, पोटात बारीक भर, प्रत्येक सांध्यावर वरचा दगड आडवा. दुपारी बायकोने बटाटेवडे केले. ट्रॅक्टरवाल्याने किती खाल्ले ते मी मोजलं नाही. बायकोने मोजले आणि खूश झाली.

दुसऱ्या शनिवारी मी तयारीने गेलो. अकरा पाकिटं, प्रत्येकात साठ पौंड.

"अहो, लग्नात आहेर वाटतात तसं काय चालवलंय?" बायको म्हणाली.

ट्रॅक्टरवाल्याने पाकिटात डोकावून पाहिलं. "साठ? आधी मी खाल्लेले बटाट्याचे गोळे वजा कर." सगळे हसले, पण पाकीट कोणीच घेतलं नाही. त्याचंही मला परत मिळालं. मी पुन्हा पुढे करणार, तेवढ्यात बाईंनी मला बाजूला नेलं.

"पैसे दिलेत की व्यवहार संपला. मग जूनमध्ये माझ्याकडे कोण येणार?"

"जूनमध्ये काय?"

"लोकर कातरायची. हे सगळे येतात. यांचं गवत कापायचं असलं की मी जाते. तुम्हाला सहा वर्षांत कोणी बोलावलं नाही, कारण तुम्ही कधी कोणाकडून काही घेतलंच नाहीत."

ही तर सावड. आज तुझ्या शेतात, उद्या माझ्या. वडिलांच्या गावी पेरणीला हेच चालायचं, आणि ज्याला कोणी सावडीला घेत नसे तो गावात असून नसल्यासारखा. आम्ही इथे नेमके तसे होतो. कोणाचा एक पेनी ठेवला नाही याचा मला अभिमान वाटायचा, आणि लोकांना वाटायचं, यांना आपली गरज नाही. पाकिटं मी कोटाच्या खिशात घातली.

चौथ्या शनिवारी भिंतीच्या माथ्यावर उभे दगड बसले. शेवटचा बाईंनी बसवला. कौन्सिलचा माणूस आला, भिंतीला खांदा लावून त्याने रेटून पाहिलं, आणि "हरकत नाही" म्हणाला. बाईंनी कार्डिफचा विषय पुन्हा काढलेला नाही. मुलगीच इकडे येऊन चार दिवस राहून गेली.

शेवटी दिलं ते असं. कारागिराला चार शनिवारांचे बाराशे ऐंशी पौंड, बँकेतून. बाईंना जूनमधला एक पूर्ण दिवस, लोकर गुंडाळून पोत्यात भरण्याचा. ट्रॅक्टरवाल्याला जुलैमधले दोन, त्याच्या गवताचे. त्यातला एक बायकोने दिला.