पुढच्या गाडीचा कंदील

विमान चालवताना बैलांना बोलावं तसं 'हां, हां, दमानं' म्हणणारा माणूस मी एकच पाहिला. कॅप्टन नारायण. बीड जिल्ह्यातल्या शिरूर कासारकडचे, ऊसतोडीला जाणाऱ्या घरातले. दुष्काळात एका सहकारी साखर कारखान्यानं कृत्रिम पावसासाठी छोटं विमान भाड्यानं आणलं होतं. ते कॅप्टन, म्हणजे आमचे सर, चालवायचे आणि मी, तिकडच्याच तलवाड्याचा, त्यांच्या शेजारी सहवैमानिक.

आमच्यासमोरच्या पडद्यावर यंत्र आभाळात रस्ता काढून दाखवायचं. एकामागे एक चौकटी, आणि त्यांतून पुढे पळणारं एक इवलंसं चित्रातलं विमान. त्याच्या मागे मागे राहायचं, बस्स. सर त्याला 'म्होरली गाडी' म्हणत.

"लहानपनी आमच्या गाड्या रातच्याला कारखान्यावर जायच्या," ते सांगायचे. "म्होरल्या गाडीखालचा कंदील तेवढा दिसायचा. बाप खुशाल झोपायचा, बैल बराबर कंदिलामागं. ह्ये तेच हाय बे. फकस्त म्होरल्या गाडीत कोन बसलंय, ते बघत जा."

बसलेले असायचे चेअरमनसाहेब. सकाळी नकाशावर ते बोट फिरवत, ऑफिसातला माणूस तोच रस्ता यंत्रात भरे. रोज चौकटी आम्हाला सभासदांच्या उसावरून फिरवून आणत. तिथं आभाळ घासूनपुसून ठेवल्यासारखं लख्ख. पावसासाठी मीठ पेरायला ढग तर हवा ना! पण चेअरमनला हे सांगणार कोण?

एक दिवस दुपारी उजव्या हाताला, थेट शिरूरच्या माळावर, एक ढग उभा राहिला. काळा, भरलेला. सर बघतच राहिले.

"ढग तिकडं, अन् रस्ता हिकडं कावून बे?" ते म्हणाले, आणि त्यांनी विमान वळवलं.

चौकटी पडद्याच्या कडेला सरकल्या आणि गेल्या. परत फिरा, परत फिरा, असा बाण लुकलुकत राहिला. सरांनी ढगाच्या बुडाशी घिरट्या घालत पंखाखालच्या मिठाच्या नळकांड्या पेटवल्या. "पड रे बाबा," असं पुटपुटत होते. खाली त्यांचं गाव होतं. अर्धा तास आम्ही वाट पाहिली. मग वारा सुटला आणि तो एवढा थोरला ढग डोळ्यांदेखत विरून गेला. एक थेंब नाही.

रस्ता सोडल्याचं यंत्रानं इमानदारीत नोंदवलं होतं. चेअरमन म्हणाले, "कॅप्टनसाहेब, सभासदांच्या विमानातून गावाकडं चक्कर मारून आलात?"

"ढग तुमचा सभासद न्हवता, साहेब."

त्याच संध्याकाळी त्यांना काढलं. पुढे कुठल्या कंपनीनं त्यांना विमानाला हात लावू दिला नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना गावी सोडायला गेलो. गावानं काय पाहिलं होतं? ढग आला, विमान आलं, विमानानं घिरट्या घातल्या, ढग गेला. कारखान्यानं विमान लावून ढग पळवला, असं सगळीकडे बोललं जात होतं. दारात सरांचे थोरले भाऊ, दगडूदादा, उभे होते.

"कालचं इमान तू चालवीत व्हतास?"

"व्हय, दादा."

दादा आत गेले. आमच्याकडे दुष्काळ असो नाहीतर काही असो, दारी आलेल्याला आधी पाण्याचा तांब्या देतात. रांजण भरलेला मला दिसत होता. तांब्या काही आला नाही. सर ओट्यावर थोडा वेळ बसले, मग म्हणाले, "चल बे."

नंतर ते बीडला भाड्याच्या खोलीत राहिले. गावी पुन्हा गेले ते गेल्यावरच, झोपेत हार्ट अटॅकनं गेल्यावर. दहाव्याला मी होतो. एक म्हातारा जवळ येऊन म्हणाला, "माणूस लई चांगला व्हता. पर आमचा ढग न्हेला त्यानं."

माझं डोकंच फिरलं. सगळ्यांसमोर सांगितलं, की यंत्र दुसरीकडे नेत होतं, चेअरमनचा रस्ता दुसराच होता, या माणसानं तो सोडला, नोकरी घालवली.

"मग हिकडं आलता कावून?" दगडूदादांनी विचारलं.

"तुमच्यासाठी."

 दादा म्हाताऱ्याकडे वळून म्हणाले, "ह्यो बी त्याच इमानात व्हता."